दुरुस्तीवादी

मुंबईहून पुण्यास निघालेला, पुण्याहून मुंबईस परतणारा आणि पळस्पे फाट्यावरून कोकणाची वाट धरणारा, असा तिन्ही प्रकारचा प्रवासी ज्या गावाला केवळ ओलांडण्यापुरतेच ओळखतो, त्या पनवेल गावात वडाळे तलावाजवळच्या एका आळीत एक चाकांवरचे घर वर्षाचे अकरा महिने निश्चल उभे असते. आणि भोवतालचे सारे जग धावत असता हेच तेवढे का थांबले आहे, याची साद्यंत हकिगत लाल फितीने बांधलेल्या एका मिसलीत, आमच्या शेजारच्या अण्णांच्या सुवाच्य हस्ताक्षरात, नमूद आहे.

अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले त्याच सुमारास कोठल्याशा शाळेची एक मिनीबसही सेवानिवृत्त झाली, आणि समदुःखी जीव एकत्र यावेत तसे ते दोघे एकत्र आले. आतली बाकडी काढून अण्णांनी तीत दोन शय्या, एक शेगडी, एक मोरी आणि एक देव्हारा यांची स्थापना केली; मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाबरहुकूम फेरफाराची रीतसर मंजुरी घेतली; आणि अखेरीस, भंगारात निघालेल्या एका परदेशी फिरत्या घराच्या माथ्यावरून उतरवलेले वातानुकूलन यंत्र, हत्तीवर अंबारी चढवावी अशा थाटाने, बसच्या छपरावर चढवले. पुढे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रातील ते कात्रण मिसलीस जोडताना अण्णांनी समासात शेरा मारला, 'उशिरा का होईना, सरकार माझ्या मागोमाग आले.'

यंत्र जन्माने अमेरिकन असल्यामुळे त्याला आपल्या २३० व्होल्टच्या निम्म्या दाबाची वीज लागे, आणि तीही सेकंदाला ६० आवर्तनांची. दाब उतरवण्यासाठी अण्णांनी एक ट्रान्सफॉर्मर बसवला, तो स्वतःच इतका तापे की छपरावरून उतरलेल्या थंडीचा बराचसा अंश त्याच्या शुश्रूषेतच खर्ची पडे. आवर्तने मात्र आपल्याकडे ५०, ती कोण बदलणार? साहजिकच मोटर एक-षष्ठांशाने मंद फिरे, आणि अण्णा कौतुकाने म्हणत, "आमच्या कचेरीची चाल बरोबर उचललीय त्यानं."

समाजात दुरुस्तीवादी म्हणून जो एक वर्ग आहे आणि ज्याचे अण्णा हे शिरोमणी, त्याची लोक नेहमी कृपणाशी गल्लत करतात. कृपण खर्च टाळतो. दुरुस्तीवाद्याने जुन्या वस्तूच्या डागडुजीवर नव्या वस्तूच्या तिप्पट रक्कम हसतमुखाने उधळलेली असते. कारागिराशीही त्याचे नाते नाही, कारण वस्तू चालू झाली की कारागीर घाम पुसतो आणि चहा मागवतो, तर दुरुस्तीवाद्याच्या मुद्रेवर नेमकी त्याच क्षणी विरहाची छाया पसरते. त्याला वस्तू नको असते, वस्तूचे प्रकरण हवे असते. आणि मिसलीतला एकेक कागद वाढताना पाहणे हेच ज्याच्या आयुष्यातले वैभव, त्याला एखादे प्रकरण एकाएकी निकाली निघाले की घरातले माणूस परगावी गेल्यासारखे वाटते.

दर चैत्रात कळंबोलीहून एक तरुण मिस्त्री येई, यंत्रात आर-२२ वायू भरी आणि जाताना बजावी, "अण्णा, गॅस काही पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. आणि ह्या गॅसचे दिवसही भरत आलेत." ओझोनच्या थरास अपाय करणारा हा वायू, १९८७ च्या माँट्रियल करारानुसार, आपल्यासारख्या देशांतून २०३० पर्यंत बव्हंशी हद्दपार व्हावयाचा आहे, हे त्याने समजावून सांगितले. अण्णांनी ते सारे एकाग्रतेने ऐकून घेतले आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "म्हणजे २०३० पर्यंत मुदत आहे तर!"

याहून बिकट प्रश्न गळतीचा होता. अशी यंत्रे छपरातल्या चौदा इंच चौरस भोकावर बसतात. मध्ये जाड स्पंजाची गॅस्केट असते आणि आतून चार लांब बोल्ट आवळून ती छपराशी घट्ट दाबलेली असते. उन्हाने तिचा पापड झाला की पाणी आत शिरते. परंतु आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत थंड कॉइलवर दवही मुबलक साचते, आणि ते वाट चुकले तर तेही आतच उतरते. तेव्हा काकूंच्या उशीवर पडणारा थेंब पावसाचा की दवाचा, याची अण्णांनी तहकीकात आरंभली. वैशाखात यंत्र चालू असता पडलेला थेंब आणि आषाढात यंत्र बंद असता पडलेला थेंब यांचे स्वतंत्र पंचनामे झाले, मी पंच म्हणून सह्या केल्या, आणि तीन वर्षांनंतर असे निष्पन्न झाले की उशी दोन्ही पाण्यांनी भिजते.

अखेर एका वैशाखी दुपारी, दिवेआगरला निघण्यासाठी सामान भरून झाले असता आणि यंत्रातून केवळ ध्वनी बाहेर पडत असता, काकूंनी ती मिसल उचलली आणि तिने स्वतःला वारा घालू लागल्या. "अहो, इतक्या वर्षांत ह्या यंत्रापासून मला वारा मिळाला तो एवढाच," त्या शांतपणे म्हणाल्या. "नवीन आणा, नाहीतर मी एस.टी.नं जाते." पनवेलच्या स्थानकात कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची वाण नसल्यामुळे धमकी पोकळ नव्हती. अण्णांनी आपला अखेरचा दाखला पुढे केला : "अगं, आपली नगरपालिका १८५२ सालची. २०१६ पर्यंत, एकशे चौसष्ट वर्षं, डागडुजी करूनच चालवली ना?"

"आणि मग?" काकूंनी विचारले. "शेवटी महानगरपालिका आणलीच ना?"

या युक्तिवादावर अपील नव्हते.

ठरल्या दिवशी मिस्त्री आला आणि शेजारधर्मास अनुसरून शिडी धरण्याचे काम मजकडे आले. तीन बोल्ट मुकाट्याने निघाले, चौथा गंजून अडला, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर आठवड्यातले पहिले स्मित उमटले. परंतु मिस्त्रीने ग्राइंडर काढून तो अर्ध्या मिनिटात कापला. यंत्र उचलताच त्याखाली जे दृश्य प्रकटले ते उत्खननातच शोभावे : सर्वांत वर सिलिकॉनचा थर, त्याखाली एम-सील, त्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि तळाशी डांबर. अण्णा प्रत्येक थराकडे बोट दाखवून मिसलीतला पृष्ठांक सांगत होते. मग मिस्त्रीने मागची जाळी काढली, तो आत कुंभारणींनी मातीची घरटी बांधून हवेची निम्मी वाट बुजवलेली. अण्णा थक्क झाले. "ही कुळं केव्हा लागली?" ते पुटपुटले. "कुठंच नोंद कशी नाही?"

नवे यंत्र चाळिसावर किलोंचे, आपल्याच २३० व्होल्ट आणि ५० आवर्तनांचे. चौघांनी दोर लावून ते वर चढवले. चौदा इंचांचे माप या धंद्यात सर्वमान्य असल्याने ते जुन्याच भोकावर बिनतक्रार बसले. नवी गॅस्केट निम्मी दबेपर्यंत मिस्त्रीने चारी बोल्ट सारखे आवळले, आणि अण्णांचा हात खिशाकडे जाताना पाहून म्हणाला, "अण्णा, ती ट्यूब आत ठेवा. इथं काहीही थापायचं नाही." जुने यंत्र भंगारवाल्याने वजनावर नेले, अण्णांनी भावाची घासाघीस केली नाही, फक्त पोच मागितली.

त्या रात्री यंत्र पहिल्याच कळीस सुरू झाले आणि भर वैशाखात काकूंनी गोधडी मागितली. मी डोकावलो तेव्हा अण्णा शय्येच्या कडेवर बसून छपराकडे कान लावून होते. परंतु खडखड नाही, थेंब नाही, जळका वास नाही, लिहिण्याजोगे असे काहीच घडत नव्हते. मांडीवरच्या मिसलीत तारखेखालचे पान कोरे होते. मग खोक्यातले हमीपत्र त्यांच्या हाती लागले. त्यातील बारीक अक्षरांचा मजकूर, जो आजवर कोणीही सज्ञान मनुष्याने वाचला नसेल, तो अण्णांनी चष्मा पुसून सावकाश वाचला : एक वर्षाच्या आत यंत्र उघडल्यास हमी रद्द समजण्यात येईल. त्यांची मुद्रा हळूहळू उजळली. हमी संपण्याच्या दिवसाची इतर लोक धास्ती बाळगतात. अण्णांनी बोटांवर महिने मोजले, पुढल्या वर्षीची ती तारीख कोऱ्या पानावर लिहिली, तिच्याखाली ठळक रेघ ओढली आणि समासात शेरा मारला : 'अपिलाची मुदत येथून सुरू.'