व्हिजन मीडियमवर मावत नाही

हिंजवडीच्या एका कंपनीने नुकतंच आपल्या प्रॉडक्टचं व्हिजन ठरवलं. प्रॉडक्ट निम्मंअधिक लिहून झालं होतं, पण गुंतवणूकदार यायचे होते आणि प्रेझेंटेशनमधली दुसरी स्लाइड रिकामी होती. तेव्हा वरिष्ठ मंडळी मुळशीच्या एका रिसॉर्टवर मुक्कामी गेली. डेव्हलपरना नेलं नाही. त्यांना काम होतं.

प्रॉडक्ट म्हणाल तर गृहनिर्माण सोसायट्यांसाठीचं ॲप. मेंटेनन्स भरा, पावती घ्या, टँकर कधी येणार ते बघा, पार्किंगवरून भांडा. पण एवढ्यासाठी रिसॉर्टचं बिल कोण पास करणार? काचेवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून झाल्या, बार्बेक्यू झालं, आणि वाक्य जन्माला आलं: ‘नागरी सहजीवनाच्या प्रत्येक टप्प्यावर एआयच्या सामर्थ्याने अखंड, आनंददायी आणि अर्थपूर्ण अनुभव देणारा जागतिक दर्जाचा प्लॅटफॉर्म.’ लग्नपत्रिकेत कुणा काकांचं नाव राहू नये, तशी काळजी घेतलेली दिसते. ‘एआय’ गुंतवणूकदारांसाठी, ‘आनंददायी’ डिझाइनवाल्या रुसल्या होत्या म्हणून, ‘अर्थपूर्ण’ एचआरचं. ‘जागतिक’ कोणी घातलं ते कळत नाही, पण काढायला कुणी धजावलं नाही.

सोमवारी एका ज्युनिअर मुलीने विचारलं, “ज्या सभासदाने मेंटेनन्स थकवलाय, त्याला टँकरची वेळ दाखवायची की नाही?”

प्रॉडक्ट मॅनेजरने व्हिजन उघडलं. वेळ दाखवली तर अनुभव अखंड राहतो. दाखवली नाही तर सेक्रेटरीसाहेबांचा अनुभव आनंददायी होतो. “दोन्ही कर,” ते म्हणाले, “सेटिंगमध्ये ठेव.” त्या ॲपमध्ये आता इतकी सेटिंग्ज आहेत की पावती कुठे मिळते ते शोधायला चॅटबॉट बसवलाय. एआयचं सामर्थ्य म्हणतात ते हेच असावं.

असं नाही की साधी रीत कुणाला ठाऊक नाही. जेफ्री मूर यांनी 1991 च्या ‘क्रॉसिंग द कॅझम’ या पुस्तकात गाळलेल्या जागांचा एक साचाच देऊन ठेवलाय: कोणासाठी, त्याची अडचण काय, आपण काय देणार, दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय. आमच्या मंडळींनी तोही भरला होता. ‘कोणासाठी’ या जागेत लिहिलं, ‘सर्वांसाठी’. एकदा गिऱ्हाईक सेक्रेटरी की भाडेकरू हे ठरलं, की दुसऱ्याची कामं नाकारावी लागतात, आणि नाही म्हणायला आपल्याकडे वेगळा माणूस नेमावा लागतो.

पुण्याला हे जमत नाही असंही नाही. पावसात एकाच स्कूटरवर भिजत चाललेलं चौघांचं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं; त्यांना सुरक्षित चारचाकी द्यायची, किंमत 1 लाख. व्हिजन एवढंच. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या इंजिनिअरांना मग प्रत्येक नटाचं उत्तर त्यातच सापडत गेलं: वायपर एक, चाकाला नट तीन, 623 सीसीचं इंजिन मागे, सुरुवातीच्या मॉडेलांना डिकीचं दार उघडायची सोयच नाही. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत नॅनो उभी राहिली. वायपरसाठी सेटिंग नव्हतं.

पुढे मात्र स्कूटरवरचं कुटुंब मागे पडलं आणि ‘जगातली सगळ्यात स्वस्त गाडी’ तेवढी पुढे आली. आता स्वस्तात स्वस्त गाडी घेतली हे शेजाऱ्याला हौसेने कोण दाखवणार? तशी ती विकायला नको होती, असं टाटाही नंतर म्हणाले. 2018 मध्ये उत्पादन थंडावलं. माझ्या मते नॅनोचं व्हिजन चुकलं नव्हतं. ते कारखान्यात शाबूत होतं, शोरूमपर्यंत पोचताना बदललं. आमच्या मंडळींनी यातून निराळाच धडा घेतला: व्हिजनमध्ये आकडा घालू नये, उद्या कोणी मोजेल.

त्यांना भावला तो सोनीचा किस्सा. 1957 मध्ये सोनीने खिशात मावणारा रेडिओ आणला, टीआर-63. खिशात मावणारा म्हटलं खरं, पण शर्टाच्या नेहमीच्या खिशाला तो किंचित मोठा होत होता. सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांनीच सांगून ठेवलंय की मग विक्रेत्यांना जरा मोठ्या खिशाचे शर्ट शिवून दिले. हा किस्सा सांगताना आमच्या सीईओंचे डोळे चमकतात. सोनीने त्या खिशापायी आधी रेडिओ किती लहान केला होता, हा भाग त्यांच्या स्लाइडवर बसला नाही.

पण शर्टाची बाजू त्यांनी मनावर घेतली. पुढच्या महिन्याच्या टाउनहॉलसाठी व्हिजन छापलेले टी-शर्ट करायला टाकलेत. छापणारा म्हणाला, वाक्य मीडियमवर मावत नाही, थोडं कापा. कमिटीची तातडीची बैठक झाली. एकही शब्द कापायचा नाही असं ठरलं आणि सगळ्या टीमला डबल एक्सएल मागवले.