दाखवायचा चेंडू

बेल वाजली की दारापाशी सगळ्यात आधी गुंड्या पोचतो. गुंड्या म्हणजे आमचा लॅब्रेडोर. "तो काही करत नाही हो," हे आम्ही पाहुण्यांना "या, बसा"च्याही आधी सांगतो. त्यावर पाहुणे "हो, हो" म्हणत सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात.

कुरिअरवाला पाकीट देऊन लगेच निघतो. तो जाणारच असतो, पण गुंड्याच्या हिशेबी तो भुंकण्याला घाबरून पळतो. रोज एक शत्रू असा पिटाळून लावल्यावर कुणाची छाती फुगणार नाही?

बसायला आलेल्यांसाठी मात्र तो आतून टेनिसचा चेंडू घेऊन येतो. एकेकाळी पोपटी असलेला हा चेंडू आता लाळेनं गच्च झालाय. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी दात न रुतवता आणून द्यायचा, हे या जातीचं पिढीजात काम. त्यातलं आणणं गुंड्याला पक्कं ठाऊक आहे. देणं वाटेत कुठंतरी गळून गेलं.

परवा आमच्या आत्यानं "मला आणलास होय रे?" म्हणत कौतुकानं हात पुढे केला. गुंड्याची शेपूट जागच्या जागी थबकली, मान चेंडूवर झुकली, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या. गुरगुरणं अजून यायचंच होतं. बायकोनं चीजचा तुकडा दाखवला, तसा चेंडू टपकन खाली. (हिसकावलं तर पुढच्या वेळी पकड आणखी घट्ट होते, म्हणून आमच्याकडे रोकडा व्यवहार.) आता आत्यानं तो घ्यावा ना? तिनं हात पदराला पुसले आणि गुंड्याला आपमतलबी ठरवून टाकलं.

मला हे पटत नाही. नवा फ्लॅट घेतल्यावर आपणही लोकांना बोलावून स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ओढून दाखवतोच की! त्यातली एखादी कुणी घरी न्यावी, अशी आपली इच्छा असते का?

शेजारचा पामेरियन येणार असला, तर आम्ही सगळी खेळणी आधीच माळ्यावर टाकतो. एरवी जिच्याकडे गुंड्या ढुंकूनही पाहत नाही ती रबरी कोंबडी, पाहुण्यानं नुसती हुंगली तरी वडिलोपार्जित इस्टेट होते.

तेव्हा आमच्याकडे जरूर या. पांढरे कपडे तेवढे टाळा. चेंडू समोर आला तर "वा, छान आहे हं!" म्हणा आणि दोन्ही हात चहाच्या कपाला धरून ठेवा.