दारू सोडलेले आप्पा

खान्देशातल्या लग्नात पंगत सोडून एखादा माणूस पार्किंगमधल्या मोटारसायकलींच्या डिक्क्यांकडे टक लावून उभा दिसला, तर त्याला चोर समजू नका. ते आप्पा. स्वतःची दारू सुटली, आता दुसऱ्यांची सोडवायला निघालेत. सरकारी कागदात अशा माणसाला ‘पीअर एज्युकेटर’ म्हणतात, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (ए.ए.) मीटिंगमध्ये ‘स्पॉन्सर’, व्यसनमुक्ती केंद्रात ‘कार्यकर्ता’ आणि घरात ‘हे आता कुठे उलथले?’. जळगावपासून धुळ्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक गावात एखादे आप्पा सापडतात. नावं वेगळी, तऱ्हा एकच.

या कामाला लागणारं शिक्षण त्यांनी स्वखर्चाने घेतलं आहे. खर्च बराच झाला. जळगावच्या सराफात लोक लांबलांबून सोनं घ्यायला येतात. आप्पा विकायला जात. आधी अंगठी गेली, मग बायकोची पोत, मग केळीचे पैसे हातात पडायच्या आतच संपू लागले. एवढा अनुभव असल्यामुळे त्यांच्यासमोर थाप मारणं अवघड. कोथिंबीर चावून आलेला, बडीशेपेचा बकाणा भरून आलेला, ‘पोटदुखीचं औषध घेतलं’ म्हणणारा, सगळे त्यांना दारातच ओळखू येतात. या थापा त्यांनीच मारून जुन्या केल्या आहेत.

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पारा चव्वेचाळीसवर. आप्पा एका नव्या मेंबरच्या घरी गेले. मेंबर म्हणाला, ‘‘देवाशपथ आप्पा, महिना झाला, थेंब नाही.’’ बायकोनेही मान हलवली. आप्पांनी पाणी मागितलं नाही, खुर्चीही घेतली नाही. सरळ कूलरकडे गेले, मागची जाळी काढली आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला. क्वार्टर निघाली. मस्त गार.

‘‘दिसत नाही आणि थंडही राहते,’’ आप्पा शांतपणे म्हणाले. ‘‘हा शोध माझा आहे. तू कॉपी केली.’’

मग तिथेच खाली बसून त्यांनी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, ‘‘बठ रे भो. मी बी तठेच व्हतू.’’ साऱ्या समुपदेशनाचा पाया हे एवढं वाक्य. डॉक्टरांना ते बोलता येत नाही, सासऱ्यांना शोभत नाही आणि कीर्तनकाराने म्हटलं तर लोक उठून जातील. आप्पांनी म्हटलं की समोरचा मान खाली घालतो आणि बऱ्याच दिवसांनी खरं बोलायला लागतो.

मेंबरांच्या बायकांशी मात्र त्यांची भांडणं होतात. ‘नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून एखादी माउली वरणात पावडर कालवते. दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळीही डॉक्टरांनी तपासून, त्या माणसाला सांगूनच द्यायची असते. ती पोटात असताना दारू प्याली की उलट्या होतात, छाती धडधडते, जिवावरही बेतू शकतं. ‘‘वहिनी, दारू सोडवायची आहे का नवरा?’’ आप्पा विचारतात. एकदम सोडण्यातही धोका असतो: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, कधी फिटही येते. अशा वेळी बोलघेवडे आप्पा एक शब्द बोलत नाहीत. रिक्षा बोलावतात आणि दवाखाना गाठतात.

एरवी त्यांना थांबवणं कठीण. १९३५ सालची ॲक्रनची गोष्ट ते अशी सांगतात की ॲक्रन हे एरंडोल आणि पारोळ्याच्या मधलं गाव वाटावं. न्यूयॉर्कचा, दारू सोडलेला बिल विल्सन धंद्यासाठी तिथे गेलेला, सौदा फिसकटलेला, हॉटेलात बार समोर. बारकडे जायचं सोडून त्याने फोन फिरवले, बोलायला कुणी दारुडा मिळतो का म्हणून. मिळाले ते डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारे आणि पिणारे. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. मग आप्पा पुण्याला येतात: १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैशाचं बळ दिलं, आणि तिथे बरे झालेलेच पुढे दुसऱ्यांना सांभाळू लागले. ‘‘महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाने आमच्यासारख्या रडवणाऱ्यांसाठी पैसे दिले,’’ हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी चढतो.

ए.ए.मध्ये गुप्तता पाळायची असते. आप्पा ती कसोशीने पाळतात, पण उपयोग नाही. ते गटारात पडायचे तेव्हा साऱ्या गावाने पाहिलं होतं. सोडली, हे मात्र अजून निम्म्यांना पटलेलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर त्यांचा जीव टांगणीला. लेकी माहेरी येतात, झोके चढतात, आणि पुरुष पत्त्यांना बसतात. पत्त्यांमागून बाटली येतेच. त्या दिवशी आप्पा आमरस-पुरणपोळी भराभर उरकून एकेका मेंबरच्या घरी हजेरी घेत हिंडतात. ‘‘काय करी राहिना?’’ हा फोन दर तासाला. पाच चमचे साखरेचा चहा घरोघरी होतो. डॉक्टरांनी आता त्यांच्या साखरेवर बोट ठेवलं आहे. ‘‘प्यायचे तेव्हा रात्री एकदा तरी गप्प व्हायचे,’’ ही काकूंची, म्हणजे आप्पांच्या बायकोची, तक्रार.

एवढं करून कुणी पुन्हा प्यायलाच, तर आप्पा त्याला शिव्या देत नाहीत. ‘‘पडला? बरं. उद्या सातला मीटिंगला ये,’’ एवढंच. सात वाजताच का, हे काकूंना ठाऊक आहे. आप्पांचीही बसायची वेळ सातचीच होती. त्या वेळेला समोर एखादा मेंबर नसला की आप्पा उगाच येरझाऱ्या घालतात. गरज कुणाला जास्त आहे, मेंबरला की आप्पांना, हा हिशेब दोघेही मांडत नाहीत, म्हणूनच हे काम चालतं.

तेव्हा घरात कुणाची बाटली हाताबाहेर गेली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४४६ या सरकारी मोफत नंबरवर विचारा. मग खुशाल आप्पांना बोलवा. पैसे घेत नाहीत. फक्त जेवणं आधी उरकून घ्या, कारण एकदा बसले की बारापर्यंत उठत नाहीत.