सिनेमातलं तुणतुणं

आमच्या आजीनं आयुष्यातले पहिले दहा-बारा सिनेमे कानानं पाहिले. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेत येडेश्वरीचं दर्शन झालं, चुनखडी वेचून झाली, की रात्री तंबूतला सिनेमा ठरलेला. आणि आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावर तिला नुसतं धुकं दिसायचं. त्या धुक्यात कोणीतरी हलतंय एवढं कळायचं. तरी ती पदराच्या गाठीतून तिकिटाचे पैसे काढायची, बायकांच्या बाजूला मातीत बसकण मारायची, आणि मला, म्हणजे धड दोन डोळे असलेल्या माणसाला, पुढं काय होणार ते सांगायची.

"आला मुडदा," ती म्हणायची.

पडद्यावर तेव्हा फक्त एक बंद दार असायचं. मग दार उघडायचं आणि खलनायक सिगारेट ओढत आत यायचा. आजूबाजूच्या बाया आजीकडं आदरानं बघायच्या. आजी आराधी होती, गळ्यात कवड्यांची माळ होती. त्यामुळं तिला हे देवीकडून कळतं असा आमच्या भावकीत बराच काळ समज होता. कळत होतं ते पडद्यामागच्या व्हायोलिनवाल्यांकडून.

तिचं शास्त्र पक्कं होतं. सनई जोरात म्हणजे लग्न. तीच सनई एकटी आणि हळू, म्हणजे पोरगी सासरी निघाली. सारंगी कण्हायला लागली की आजी शांतपणे म्हणायची, "गेला म्हातारा." म्हातारा अजून खाटेवर बसून मुलाला उपदेश करत असायचा, पण पाच मिनिटांत आजीचा शब्द खरा व्हायचा. गाणं लागलं की ती पाय पसरायची आणि पानाचा डबा काढायची. तिच्या मते गाण्यात काही घडत नाही, नुसता वेळ जातो. हे मला तेव्हा पटत नव्हतं, पण आता वाटतं की तिनं मर्म पकडलं होतं. गाण्याच्या पहिल्या कडव्यात चड्डीतलं पोरगं पळायला लागतं आणि शेवटच्या कडव्यात मिसरूड फुटून थांबतं. पंधरा वर्षं तीन मिनिटांत काढणं हे गाण्याशिवाय कोणाला जमलं असतं?

एकदा मात्र ती फसली. ढगांचा गडगडाट झाला, त्यावर तबला, त्यावर सतार, आणि आजी हात पुढं करून वर बघायला लागली. सिनेमातला पाऊस होता. आमच्या भागात तेव्हा आभाळापेक्षा पडद्यावर जास्त पाऊस पडायचा, त्यामुळं तिचा दोष नाही.

खरं तर संगीताचं पहिलं काम तंबूच्या आत नसायचंच. दिवस मावळला की जनरेटर सुरू व्हायचा आणि बांबूवर बांधलेला कर्णा गायला लागायचा. दोन कोसांवरच्या वस्तीवर भाकरी थापणाऱ्या बाईला त्यावरून वेळ कळायची. अमुक रेकॉर्ड लागली म्हणजे अजून तिकिटं फाडतायत, कालवण होऊ द्या. आरती लागली म्हणजे मात्र ताट तसंच ठेवून पळायचं. मुक्या सिनेमाच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसायचे, त्यांच्याकडंही चित्राला भाव देण्याबरोबर यंत्राची खडखड झाकायचं काम असायचं म्हणतात. आमच्या तंबूत ती खडखड झाकणं तानसेनालाही जमलं नसतं, कारण जनरेटर बायकांच्या बाजूला होता.

आजी हे सगळं शिकली कुठं, याचा उलगडा मला चुलतभावाच्या लग्नानंतरच्या गोंधळात झाला. आमच्याकडं लग्न लागलं तरी गोंधळ घातल्याशिवाय ते झालं असं कोणी धरत नाही. अंगणात चौक भरला, दिवटी पेटली, आणि कमरेला संबळ बांधलेला माणूस उभा राहिला. आधी देवांना बोलावणं: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, प्रत्येकाचं गाव आणि नाव घेऊन. मला एकदम ओळखीचं वाटलं. सिनेमाच्या सुरुवातीला पाटी पडते, संगीत जोरात वाजतं आणि नावांमागून नावं येतात, ते दुसरं काय असतं? फरक एवढाच, की गोंधळात बोलावलेले सगळे येतात अशी श्रद्धा असते, आणि सिनेमात नावं असलेल्यांचे पैसे निघतातच असं नाही.

मग कथा सुरू झाली. नाईक सांगत होता, संबळ त्याच्या शब्दांना ढकलत होता. लढाई आली की काठ्या वेगात, राणी रडली की नुसती घुमणारी थाप. मागं उभा असलेला एक वयस्कर माणूस मात्र रात्रभर तुणतुणं वाजवत होता. एक तार, एक सूर. राजा जन्मला तरी तेच, मेला तरी तेच. पहाटे चहा पिताना मी त्याला विचारलं, "मामा, तुम्ही एकच वाजवता. नाही वाजवलं तर काय होईल?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "काय व्हतंय? मी थांबलो की नाईक येकटा पडतोय."

पार्श्वसंगीतावर मी पुढं बरंच वाचलं. त्यातलं बहुतेक मामांच्या बशीत मावलं असतं.

अल्फ्रेड हिचकॉकचा एक किस्सा सांगतात. १९४४चा त्याचा 'लाइफबोट' हा सिनेमा अख्खा समुद्रातल्या एका होडीत घडतो. भर समुद्रात वाद्यवृंद कुठून आला म्हणून त्याला संगीत नको होतं. संगीतकार डेव्हिड रॅक्सिन म्हणाला, कॅमेरा कुठून आला ते त्यांना विचारा, मग मी वाद्यवृंदाचं सांगतो. हाच प्रश्न मी पाचवीत असताना आजीला विचारला होता: जंगलात पोरगी एकटी आहे तर बाजा कोण वाजवतंय? आजी म्हणाली, "गोंधळाला तुळजापूरची देवी कंच्या यष्टीनं येती?" मी रॅक्सिनपेक्षा आजीला वरचा नंबर देईन.

पुढं एका नेत्रशिबिरात तिचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि घरातही टीव्ही आला. आजीला सिनेमा दिसायला लागला आणि तिची पार निराशा झाली. कानानं उंचापुरा वाटणारा नायक पोट सुटलेला निघाला. "ह्यो व्हय त्यो?" असं ती दर रविवारी विचारायची. शेवटी तिनं मधला मार्ग काढला. सिनेमा लागला की चष्मा काढून ठेवायची, डोळे मिटायची आणि शेंगा फोडत ऐकायची.

याच काळात दूरदर्शनवर व्ही. शांतारामांचा 'कुंकू' लागला. १९३७चा, प्रभातचा, संगीत केशवराव भोळ्यांचं. गाणी आहेत, पण प्रसंगांच्या मागं पार्श्वसंगीत म्हणून काही वाजत नाही. भिंतीवरचं घड्याळ, पावलं, भांडी, जे घरात असेल तेच ऐकायचं. आजी अस्वस्थ. दहा मिनिटांत डोळे उघडले, चष्मा चढवला. म्हातारा नवरा वाईट की बिचारा, हे तिला सांगायला कोणी नव्हतं. ते स्वतःच ठरवायचं होतं. शेंगा तशाच राहिल्या. संपल्यावर म्हणाली, "लई थकवलं बाई."

'सैराट' आला २०१६च्या एप्रिलमध्ये. आमच्या परंड्याच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातलं चित्रण, तीच विहीर, तीच केळी, तीच भाषा. आणि संगीतकार अजय-अतुलनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं थेट लॉस एंजेलिसला. मी थिएटरात पाहिला तेव्हा 'झिंगाट'ला पुढच्या रांगांतली पोरं पडद्यापाशी जाऊन नाचली, एकाचा बूट हरवला. आमच्या ऊसबागायतीवर एवढ्या व्हायोलिनी कधी वाजल्या नव्हत्या, पण शोभल्या. प्रेमात पडल्यावर आपल्या बांधावरही असंच काहीतरी मोठं वाजत असतं. बाहेरच्यांना ऐकू येत नाही एवढंच.

काही महिन्यांनी तो टीव्हीवर लागला. आजी नव्वदीला टेकलेली, डोळे मिटून, मांडीवर सूप. पहिल्या अर्ध्या भागात ती खुशीत होती. व्हायोलिनी उसळल्या की म्हणे, "पळायला बग पोरगं पान्यात उडी टाकायला." बरोबर असायचं. मग शहर आलं, झोपडपट्टी आली, संगीत कमी झालं, आजी गप्प झाली. शेवटी पोरीचे माहेरचे भेटी घेऊन येतात, चहा होतो, शेजारीण लेकराला परत दारात सोडते. लेकरू आत जातं, बाहेर येतं. त्याचं तोंड रडण्यानं उघडलेलं असतं आणि आवाज नसतो. कशाचाच नसतो.

घरात सातजण होतो. कोणी हललं नाही.

"टीव्हीचा आवाज गेला का रं?" आजीनं विचारलं. डोळे मिटलेलेच. थोडं थांबून म्हणाली, "काय झालं? आरं, सांगा की कोनीतरी."