अंदाजपंत

लालबाग-परळच्या प्रत्येक नाक्यावर एक अंदाजपंत असतात. वय सत्तरीच्या आगेमागे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला बिनटोपणाचं पेन आणि बसायला मंडळाचं बाकडं. ते बाकडं कुणी त्यांच्या नावावर केलेलं नाही, पण त्या कोपऱ्यात दुसरा कुणी टेकला तर अख्खा नाका अस्वस्थ होतो. ‘बघा, मी सांगून ठेवतो’ या चार शब्दांनी पंतांचा दिवस उघडतो. पाऊस कधी धरणार, वॉर्ड कुणाकडे जाणार, लालबागच्या राजाच्या नवसाची रांग यंदा कुठवर पोचणार, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं सांगून ठेवलेलं आहे. त्यातलं घडलं किती, याचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही. हल्ली त्यांनी असले किरकोळ विषय सोडले आहेत. सध्या पंत एकाच गोष्टीचं भाकीत करतात: चायनीज सुपर लीगमधल्या फुटबॉल सामन्याचा निकाल.

चीनच का, असा प्रश्न फक्त नवख्या माणसाला पडतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटचं भाकीत करायला जाणं म्हणजे मालवणात बांगडे विकायला जाणं. तिथे सकाळी फिरायला आलेला प्रत्येक दुसरा माणूस निवड समितीचा अघोषित सदस्य असतो आणि प्रत्येक तिसऱ्याने आचरेकर सरांना अगदी जवळून पाहिलेलं असतं. इंग्लंडच्या फुटबॉलवर नातवंडांनी ताबा मिळवला आहे. त्यात तोंड घातलं की ‘आजोबा, तो खेळाडू कधीच दुसरीकडे गेला’ असं ऐकून घ्यावं लागतं. मुंबई सिटीचा संघ तर अंधेरीत खेळतो. पश्चिम रेल्वेचं तिकीट काढून कुणीही सामना बघून येऊ शकतो, आणि डोळ्यांनी बघून आलेल्या माणसापुढे भाकीत टिकत नाही.

चीनचं तसं नाही. सोळा संघ, तीस फेऱ्या, आणि नाक्यावरच्या एकाचाही भाचा शांडोंगला नाही. शिवाय वेळ सोयीची. तिकडे संध्याकाळी ७.३५ला सामना सुरू झाला की आपल्याकडे ५.०५ वाजलेले असतात. निकाल सातच्या आत हातात, म्हणजे घरातला टीव्ही मालिकांच्या ताब्यात जायच्या आधी खुलासाही करून होतो. आता पंत सामना टीव्हीवर बघतात अशी कुणाची समजूत होईल, तर ती चुकीची. ते फोनवर फक्त गोल बघतात. ‘खेळ बघितला की मत बिघडतं,’ असं त्यांचं म्हणणं आहे.

लांबच्या गावच्या आकड्यावर जीव टांगायची ही सवय पंतांना आज लागलेली नाही. ती गिरणगावाच्या हवेतच होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, ते आकडे तारेने मुंबईत येत आणि त्यांवर इथे पैसे लागत. न्यूयॉर्क कुणी पाहिलेलं नव्हतं. दिवसभर साच्यावर कापसाचं कापड विणायचं आणि रात्री कापसाच्या भावावर दोन आणे लावायचे, असा तो संपूर्ण सुती संसार होता. १९६१ साली तिकडून आकडे यायचे थांबले. पण सवय थांबते होय? १९६२ साली वरळीत कल्याणजी भगतने स्वतःचा मटका काढला, १९६४ साली रतन खत्रीने. आता तीन पत्ते काढायचे. २, ५ आणि ९ निघाले तर बेरीज १६, म्हणून ओपन ६. मग रात्री उशिरा पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. ओपन आला की अर्धा जीव भांड्यात, क्लोज येईपर्यंत उरलेला टांगणीला.

पुढे पंत एका गिरणीत साचाखात्यात बदली कामगार म्हणून लागले. पैसे लावण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली. कुणाच्या स्वप्नात साप आला, कुणाला बेस्टच्या बसचा नंबर दोनदा दिसला, की तो तडक पंतांकडे. पंत डोळे मिटून आकडा देत. त्यांची पद्धत साधी होती: दहा जणांना दहा वेगळे आकडे द्यायचे. रात्री त्यांतला एक पेढे घेऊन येई आणि उरलेले नऊ आपण स्वप्न नीट सांगितलं नाही म्हणून स्वतःलाच दोष देत. तेव्हाच पंतांना व्यवसायाचं मर्म कळलं. पैसे लावणारा चुकला की बुडतो. भाकीत करणारा चुकला की खुलासा करतो. त्यामुळे आजही ते पैसे लावत नाहीत. पैज असते ती कटिंग चहाची, आणि तीही हरल्यावर ‘पुढच्या सामन्यात वळती करू’ या बोलीवर. कायद्याचा त्यांना धाक आहेच. मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. कापसाच्या भावातल्या आकड्यांवर, पाऊस पडेल की नाही यावर, आणि पडला तर किती पडेल यावरही पैज लावायची सोय त्या कायद्याने ठेवलेली नाही. ‘म्हणजे बघा,’ पंत अभिमानाने सांगतात, ‘आपल्या लोकांनी काय काय ओळखायचा प्रयत्न करून पाहिला होता, त्याची यादी सरकारने छापून ठेवली आहे.’

फुटबॉलमध्ये दहा आकडे नसतात, तीनच निकाल असतात: हा संघ, तो संघ किंवा बरोबरी. त्यामुळे पंतांचं काम खरं तर सोपं व्हायला हवं होतं. सकाळी दूधवाल्याला ते सांगतात, शांघाय. दुपारी इस्त्रीवाल्याला सांगतात, बीजिंग. चार वाजता पोस्टातून निवृत्त झालेल्या जोशीकाकांना, कुणाला न सांगण्याच्या अटीवर, ‘बरोबरी’. अडचण एवढीच की पूर्वी दहा जण दहा चाळींत राहत, आणि आता हे तिघे संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात.

‘पंत, मला तर शांघाय म्हणाला होतात.’

‘मग? शांघायच जिंकणार होती. पण पहिल्या अर्ध्यात. मी पूर्ण सामन्याचं कुठे बोललो?’

थोरल्या नातवाने एकदा वहीत पंतांच्या हंगामभराच्या भाकितांचा हिशेब मांडला. तो म्हणाला, ‘आजोबा, जगातल्या बहुतेक लीगमध्ये शंभरातले पंचेचाळीसच्या आसपास सामने घरच्या मैदानावर खेळणारा संघ जिंकतो. डोळे झाकून दर वेळी यजमानांचं नाव घेतलंत तरी तुमचा आकडा आत्तापेक्षा बरा येईल.’ पंतांनी वही मिटली. ‘घरचा जिंकणार हे सांगायला मी कशाला हवा? त्याला भाकीत म्हणत नाहीत, त्याला लाचारी म्हणतात.’

मग नातवाने जर्मनीतल्या पॉल ऑक्टोपसचा विषय काढला. २०१०च्या विश्वचषकात त्याने आठपैकी आठ सामने बरोबर ओळखले होते. ही पंतांची दुखरी जागा. ‘त्याच्यापुढे डबे दोनच ठेवलेले,’ ते म्हणाले. ‘बरोबरीचा तिसरा डबा ठेवला असता तर कळलं असतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला तो. आठ बरोबर आल्यावर नववा सामना येण्याआधी जाणं, हे ज्याला जमलं तोच खरा जाणकार.’

२०२४च्या सप्टेंबरात चीनच्या फुटबॉल संघटनेने सामने ठरवून खेळल्याबद्दल ४३ जणांना फुटबॉलमधून जन्मभरासाठी बाहेर काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक ली तिए यांना लाचखोरीसाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. दुसरा कुणी असता तर त्याने लीगचा नाद सोडला असता. पंतांचा चेहरा मात्र त्या दिवसांत उजळला होता. आपली आजवरची सगळी चुकलेली भाकितं त्यांनी त्या ४३ जणांत समान वाटून टाकली. ‘माझं बरोबरच होतं हो. त्यांनी निकाल चुकवला.’ मग स्वर खाली आणून म्हणाले, ‘खत्री पत्ते चारचौघांसमोर काढायचा म्हणे. धंदा बेकायदा होता, पण त्यात सचोटी होती.’ त्यातच त्यांना कळलं की शांघाय शेनहुआ संघाचं २००३चं विजेतेपद २०१३ साली काढून घेतलं गेलं होतं. निकाल दहा वर्षांनीही बदलू शकतो म्हटल्यावर पंतांनी आपलं एकही भाकीत चुकलेल्यांच्या यादीत धरायचं नाही, असं ठरवलं. सगळी प्रलंबित आहेत.

इथवर वाचून पंतांना काहीच कळत नाही असं कुणी ठरवू नये. सामना कोण जिंकणार हे त्यांना कळत नाही, पण संघ कोणता बंद पडणार हे त्यांना अचूक कळतं. त्यासाठी ते खेळाडू बघत नाहीत, मालक बघतात.

२०११पासून २०१७पर्यंत सलग सात वर्षं ग्वांगझूचा एव्हरग्रांद संघ जिंकत होता. २०१९ला आठवं विजेतेपद आलं. दोनदा आशियाचेही विजेते. सगळे त्यांचं कौतुक करत असताना पंतांनी एकच चौकशी केली: ‘मालक कोण?’ बिल्डर आहे असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. ‘बिल्डर? मग ताबा मिळेपर्यंत काही खरं नाही.’ पुढे कंपनी कर्जात बुडाली, आणि २०२५च्या जानेवारीत देणी फिटेनात म्हणून तो संघच मोडला. जियांग्सूच्या संघाचं असंच. मालक विजेची उपकरणं विकणारे. २०२०च्या नोव्हेंबरात संघ पहिल्यांदा लीग जिंकला आणि २०२१च्या फेब्रुवारीत त्याचं शटर खाली आलं. टपरीवर सगळे हळहळले. पंत म्हणाले, ‘उत्पादन उत्तम असलं म्हणून खातं चालू राहतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?’ शांघाय पोर्टवर मात्र त्यांचा विश्वास आहे. तो संघ तिथल्या बंदर कंपनीचा. पंत त्याला सरळ ‘पोर्ट ट्रस्ट’ म्हणतात. ‘पगार एक तारखेला होतो तिथे. पगार वेळेवर झालेला माणूस नव्वद मिनिटं धावतो.’ २०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी शांघाय पोर्ट जिंकली. तिन्ही हंगामांत पंतांचे सुटे सामने चुकत गेले; विजेता तेवढा बरोबर आला.

ही नजर त्यांना मटक्याने दिली नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्या आठवड्यात नाक्यावर सगळे पंतांना विचारत होते, किती दिवस चालेल? त्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं, ‘गणपतीपर्यंत आत जाऊ.’ कुठल्या गणपतीपर्यंत, हे त्यांनी बोलायचं राहिलं. संपाचे नेते दत्ता सामंत काय करतील, सरकार काय करेल, कोणती युनियन फुटेल, याचे अंदाज सगळ्या गिरणगावाने बांधले. जमिनीला भाव आला की मालक काय करेल, एवढा एकच अंदाज कुणी बांधला नाही. पुढे साच्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले. कूपरेजवर खेळणाऱ्या मफतलाल आणि ओर्केसारख्या गिरण्यांच्या फुटबॉल टीमही गेल्या. महिंद्रने २०१० साली संघ मिटवला तेव्हा पंतांना नवल वाटलं नाही. मैदानावर अकरा माणसं पळताना दिसतात, पण सामना कचेरीत बसलेला बारावा ठरवतो, हे त्यांना पगाराविना काढलेल्या दिवसांनी शिकवलं होतं. चीनमधल्या संघांची नावं त्यांना धड उच्चारता येत नाहीत, पण कुठल्या संघाचे पगार थकलेत ही बातमी कानावर आली की ते सावरून बसतात. ती भाषा त्यांची स्वतःची आहे.

म्हणूनच चाळीतले लोक शांघाय-बीजिंगचं हसण्यावारी नेतात, पण घरच्या कागदपत्रांची पिशवी घेऊन रात्री जेवणानंतर गुपचूप पंतांकडेच येतात. आता चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. दारात मोठा फलक लागला, त्यावर तलावासकट टॉवरचं चित्र आहे. बिल्डरने बैठक घेतली, समोसे दिले, संमतीच्या सह्या घेतल्या, पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याचा चेकही वटला. त्या दिवशी जोशीकाकांनी पंतांना गाठलं आणि चीनचा विषय न काढता सरळ विचारलं, ‘पंत, खरं सांगा. आपल्याला घराचा ताबा कधी मिळेल?’

पंतांनी बिनटोपणाचं पेन खिशातून काढलं, पुन्हा ठेवलं, आणि म्हणाले, ‘जोशी, ओपन आलाय. क्लोज बाकी आहे.’