पसरणीच्या घाटातील पंचनामा

वाईहून पाचगणीस जाणाऱ्या प्रवाशाने पसरणीच्या घाटात घटकाभर थांबून खालचे कृष्णेचे खोरे अवलोकावे, असा जाणत्यांचा आग्रह असतो. आमच्या दाजींच्या जुन्या विलिस जीपने तो इतका मनावर घेतला, की ती प्रत्येक वळणावर थांबू लागली. चढ लागताच तिची ओढ गेली, रेडिएटरात आधण आले आणि सायलेन्सरमधून असे बार निघू लागले, की समोरची बैलगाडी अदबीने कडेला झाली.

दाजी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. यंत्रविद्येशी त्यांचा संबंध गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकापुरताच असला, तरी चौकशीचा सराव दांडगा. त्यामुळे बॉनेट उघडून त्यांनी एकेकाची जबानी घेतली. पेट्रोल येत होते, प्लगांना करंट होता, तारा 1-3-4-2 या क्रमाने रुजू होत्या.

"हजर सगळे आहेत, वेळेवर कोणी नाही," दाजींनी निकाल दिला. "म्हणजे टायमिंग!"

पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या 5 अंश आधी ठिणगी पडावी, असा पुस्तकाचा दंडक होता. उशिरा पडलेली ठिणगी गाडी ओढण्याऐवजी इंजिनच तापवते. पहिला प्लग काढून दाजींनी भोकावर बोट दाबले, मी हँडल फिरवले, आणि ज्यांनी हयातभर कुळांचे अंगठे घेतले त्यांचा स्वतःचा अंगठा दाबाच्या हवेने फटकन उडून काळाकुट्ट झाला. फ्लायव्हीलची खूण जुळल्यावर सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद पॉइंटांत धरून तो कधी सुटतो हे ते पाहू लागले, तोच कोपराचा धक्का लागून सबंध डिस्ट्रिब्युटर गर्रकन फिरला. क्लॅम्पचा नट ढिला! फरारी आरोपी जागेवरच सापडला.

कागद सुटला त्या जागी नट आवळायचा. परंतु सरकारी कामास थोडे आधीच गेलेले बरे, या न्यायाने दाजींनी डिस्ट्रिब्युटर आणखी पुढे सारला. मी हँडल मारताच ते उलटून आले आणि मी थेट कठड्याशी जाऊन बसलो.

"जरा लवकर झाले वाटते," दाजी शांतपणे म्हणाले.

पुन्हा कागद, पुन्हा खूण, आणि इंजिन गोड आवाजात बोलू लागले. बिनतक्रार चढून आम्ही पाचगणी गाठली, तेव्हा खानावळीतले जेवण नुकतेच आटोपले होते आणि चहाला अद्याप तास होता.