वोल्फ्सबुर्गकर

मोशी ते चाकण हे अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस आमच्या भागात नवखा समजावा. इथले लोक ते मिनिटांत सांगतात, आणि आमच्या सोसायटीतला वोल्फ्सबुर्गकर ते बाखमध्ये सांगतो. ग्लेन गूल्ड नावाच्या कॅनेडियन पियानोवादकाने बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ दोनदा ध्वनिमुद्रित केल्या. १९५५ साली ऐन तारुण्यात, झपाझप, ३८ मिनिटांत. आणि १९८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, सावकाश, ५१ मिनिटांत. संध्याकाळी बायकोने दारातच विचारावं, “काय रे, ट्रॅफिक होता?” तर हा बूट काढता काढता म्हणणार, “पंचावन्न.” म्हणजे दिवस बरा गेला. “एक्क्याऐंशी” म्हणाला की ती पुढे काही न विचारता चहाचं आधण ठेवते. पावसाळ्यात तळेगाव चौकात एखादा कंटेनर आडवा झाला की दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ संपतात. १६६० साली याच चाकणला फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला दीड-दोन महिने अडकवून ठेवलं, त्याचं शाळेत आम्हाला फार कौतुक सांगत. त्यात थोडा गुण गावाच्या पाण्याचाही असावा, असं आता वाटतं.

याचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे, पण ते वॉचमनलाही आठवत नाही. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीजनेही पिंपरीतलं जुनं बिऱ्हाड चाकणला हलवलं, आणि बघता बघता आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटात ‘जर्मनीला डेप्युटेशन’ अशी ओळ दिसू लागली. हा त्याच लाटेत दीड-दोन वर्षं वोल्फ्सबुर्गला राहून आला. असा एकेक इसम आता वाकडपासून निगडी प्राधिकरणापर्यंत जवळपास प्रत्येक सोसायटीत असतो. कोणी स्टुटगार्टकर, कोणी इंगोलश्टाटकर. सगळे सारखेच. कचऱ्याच्या डब्यांवरून कमिटीशी भांडतात आणि पाण्याची रिकामी बाटली फेकताना त्यांना २५ सेंट बुडाल्याचं दुःख होतं, कारण तिकडे बाटली परत केली की तेवढे पैसे मिळतात.

आता वोल्फ्सबुर्ग हे काही पॅरिस नव्हे. १९३८ साली मोटारींच्या कारखान्याच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव ते. खुद्द जर्मन लोकही तिथे हौसेनं जात नाहीत. २०११ साली तर काही वेगवान आयसीई गाड्या तिथे ठरलेला थांबा असूनही थांबायच्या विसरल्या आणि प्रवासी घेऊन सरळ पुढे निघून गेल्या. तिकडे त्याची फार थट्टा झाली. आमच्या वोल्फ्सबुर्गकराला मात्र हे ऐकून त्या गावाबद्दल एकदम माया वाटली. चिंचवड स्टेशनवर उभं राहून न थांबणाऱ्या एक्स्प्रेस मोजण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही.

तिकडे जाईपर्यंत तो शाकाहारी होता. मग कोणीतरी सांगितलं की फोक्सवॅगन कँटीनसाठी स्वतःचं सॉसेज बनवते आणि त्याला गाडीच्या पार्टसारखा रीतसर पार्ट नंबर आहे : १९९ ३९८ ५०० ए. झालं! पार्ट नंबर आहे म्हणजे ड्रॉइंग असणार, ड्रॉइंग आहे म्हणजे टॉलरन्स असणार, आणि तपासून पास झालेल्या मालावर संशय घेणं क्वालिटीवाल्याच्या धर्मात बसत नाही. मोबाइलचा पासवर्ड विसरणारा हा माणूस तो नंबर आजही झोपेत म्हणून दाखवतो. आईला अजून यातलं काही ठाऊक नाही.

तो परत आला आणि फ्लॅटमध्ये जर्मनी सुरू झाली. ‘टाटॉर्ट’ नावाची एक पोलिसी मालिका तिकडे १९७० पासून चालू आहे, रविवारी रात्री सव्वाआठला. यानेही रविवारचे सव्वाआठ घरात राखीव करून टाकले. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, टेल्कोतून रिटायर झालेले. नाव ऐकून ते पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. त्यांना वाटलं, टाटांचा काही कार्यक्रम असेल, जुने लोक दाखवतील. सुरुवातीलाच प्रेत दिसलं तेव्हा म्हणाले, “सेफ्टीवाले काय करत होते?”

पुढे त्याने आम्हा चार शेजाऱ्यांना ‘गुड बाय लेनिन’ दाखवला. सिनेमा खरंच सुंदर आहे. पूर्व जर्मनीतली एक आई बेशुद्धीत असते, तेवढ्यात बर्लिनची भिंत पडते. शुद्धीवर आल्यावर तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा तिच्या खोलीत जुना देश जसाच्या तसा उभा करतो. बरण्यांवर जुनी लेबलं चिकटवतो, खोट्या बातम्यासुद्धा तयार करतो. सिनेमा संपल्यावर हा डोळे पुसत होता. बायको पोह्यांच्या बशा गोळा करत म्हणाली, “तो निदान आईसाठी तरी करत होता.”

पुस्तकांच्या कपाटात हेर्मान हेसेचं ‘सिद्धार्थ’ आहे, मूळ जर्मनमधलं. त्यात खूण म्हणून रेल्वेचं तिकीट घातलंय आणि ते अजून पहिल्याच प्रकरणात आहे. एकदा गच्चीवर त्याने आम्हाला सुनावलं की ब्रेख्त मूळ भाषेत वाचल्याशिवाय कळतच नाही. अण्णा शेजारी शेंगा सोलत होते. “ब्रेख्त ना? तो आपल्या पुलंनी केला की! ‘तीन पैशाचा तमाशा’. अठ्ठ्याहत्तर साली. जब्बारनं बसवला होता. मी सेकंड शिफ्ट बुडवून गेलो होतो.” यानंतर बराच वेळ फक्त शेंगांचा आवाज येत होता.

एवढ्यावरून तुम्ही त्याला चढेल ठरवाल. मीही तसंच ठरवून मोकळा झालो असतो. पण एकदा त्याने वोल्फ्सबुर्गच्या खोलीचे फोटो दाखवले, आणि त्यात निराळाच मनुष्य निघाला. टेबलावर ‘अपूर्वाई’. उशाशी ‘कोसला’, पानं वळवून वळवून मऊ झालेली. कॉलेजात मित्रांनी डोक्यावर मारलं तरी त्याने ‘कोसला’ उघडलं नव्हतं. ते त्याने तिकडच्या हिवाळ्यात, दुपारी चारला अंधार पडत असताना, दोनदा वाचलं. पुण्यातल्या सवाई गंधर्वला तो जन्मात गेला नाही, कारण पार्किंग मिळत नाही. तिकडे मात्र भीमसेनांचे अभंग लावून बसायचा. शेवटी रात्री दहानंतर शांतता पाळावी, अशी नम्र चिठ्ठी दारावर आली. ती त्याने जपून ठेवली आहे.

आणि ‘संत तुकाराम’! प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. मोशीहून देहू ते किती लांब? तिथे हा पाहुण्यांना गाडीतून नेऊन सोडायचा आणि देवळाबाहेर फोनवर बोलत उभा राहायचा. पण वोल्फ्सबुर्गच्या त्या खोलीत विष्णुपंत पागनिसांना पाहून तो असा रडला की बायकोला व्हिडिओ कॉल केला. तिला वाटलं, नोकरी गेली.

तेव्हा बाख त्याला चाकणला आवडतो आणि तुकाराम जर्मनीत. हातभर अंतरावरचं काहीच त्याला दिसत नाही. मधे विमानतळ लागतो. मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. रडला तो खराच, आणि ‘एक्क्याऐंशी’ म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता असते तीही खरी असते. फक्त दोन्ही प्रेमं चुकीच्या पत्त्यावर पोचतात.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा निघतोय. परवा माझ्याकडे आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, “मराठीत नवीन काय चांगलं आलंय रे? यादी दे ना.” मी दिली. तुमच्याही शेजारी असा कोणी स्टुटगार्टकर असेल तर त्याच्या वाढदिवसाला मराठी पुस्तक देऊन पैसे वाया घालवू नका. तिकीट आलं का ते आधी विचारा, आणि चेक-इनची बॅग बंद व्हायच्या आत नेऊन द्या.